ब्लडशॉट डोळे : शब्द एक, आजार अनेक

गेल्या हंगामातली गोष्ट. ऊसतोड जोरात होती. रात्री साडेनऊच्या सुमारास फोनवर मेसेज आला. पाठवणारी मुलगी उमरग्यातच बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय इंग्रजी, राहणारी तालुक्यातल्या एका गावची. मेसेजही इंग्रजीत आणि व्याकरण चोख. त्याचा मतलब असा : सर, अण्णांचे डोळे चार दिवसांपासून ब्लडशॉट आहेत, मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकतोय, अजून काय करावं?

मी मेसेज वाचला. डोळे, म्हणजे दोन्ही. ब्लडशॉट, म्हणजे लाल. ड्रॉप चालू आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत झोप कमी, धूळ जास्त, त्यामुळे लाल डोळ्यांचे असे चार-पाच निरोप रोज येतात. मी उत्तर दिलं की हात वारंवार धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, दोन दिवसांत फरक पडला नाही तर दाखवायला या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांना घेऊन आली. अण्णा पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल, डाव्या डोळ्यावर हात. उजवा डोळा स्वच्छ पांढरा. लाल होता तो एकटा डावा. टॉर्च मारला तर बुबुळावर मसुराच्या डाळीएवढा करडा-पांढरा ठिपका, कडा खरबरीत.

"काही लागलं होतं का?"

"उसाचं पातं लागलं होतं जरासं. ते तर आठ दिस झाले. त्याचं काय नाही सायेब. आता लई ठणकायलंय, झोपच येईना."

त्याचंच सगळं होतं.

मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिचा इंग्रजी शब्द चुकीचा नव्हता. शब्दकोशात 'लाल डोळे' शोधलं की तोच शब्द समोर येतो आणि कुठल्याही इंग्रजी कादंबरीत अण्णांच्या डोळ्याचं वर्णन त्याच शब्दाने झालं असतं. चूक माझी होती. एका विशेषणावरून मी आजार ठरवला आणि एका अनेकवचनावरून डोळ्यांची संख्या. त्यानंतर हा शब्द माझ्या मागेच लागला आहे, म्हणून आज त्याच्याबद्दल.

आधी त्याचा अर्थ. 'ब्लडशॉट' हे विशेषण इंग्रजीत डोळ्यांखेरीज दुसऱ्या कशालाच लागत नाही. चेहरा लाल होतो, कान लाल होतात, त्यांना ब्लडशॉट म्हणत नाहीत. अण्णांना मुलीने घरी हा शब्द सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मोटारीचा शॉट बसला तर ठाव आहे, हा रक्ताचा शॉट कसला?" आपल्याकडे शॉट म्हणजे विजेचा झटका. कुणाला त्यात बंदुकीची गोळी दिसते, कुणाला सिनेमातला शॉट. मूळ अर्थ यातला एकही नाही. सोळाव्या शतकात हा शब्द 'ब्लडशॉटन' अशा लांब रूपातही वापरात होता. त्यातल्या 'शॉट'चा जुना अर्थ आरपार विणला गेलेला, मध्ये शिरून पसरलेला. त्या अर्थाचा एक शब्द इंग्रजी कापडबाजारात अजून टिकून आहे. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की रेशीम हलताना रंग बदलतं. त्याला आपण धूपछाँव म्हणतो. पैठणी घेणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. इंग्रजीत त्याच कापडाचं नाव 'शॉट सिल्क'. म्हणजे ब्लडशॉट डोळा तो, ज्याच्या पांढऱ्या कापडात रक्ताचा धागा विणला गेलाय.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणून मला हे वर्णन फार नेमकं वाटतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं. त्यात केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. एरवी त्या इतक्या आक्रसलेल्या असतात की दिसतही नाहीत. धूर, धूळ, जागरण, रडणं, दारू, जंतू, जखम, यापैकी काहीही झालं की त्या फुगतात आणि धागे दिसायला लागतात. पांढऱ्यात लाल विणकाम दिसतं ते हेच.

मराठीत या शब्दाची अडचण वेगळी आहे. अनुवादात अनेकदा 'रक्ताळलेले डोळे' असं दिसतं. रक्ताळलेला म्हणजे रक्ताने माखलेला, जखमेतून रक्त आलेला. ब्लडशॉट डोळ्यातून थेंबभरही रक्त येत नाही. 'लालबुंद' म्हटलं की रागावलेला माणूस आठवतो. 'आरक्त' पुस्तकी आहे, शिवाय तो लाजलेल्या गालांकडे जास्त झुकतो. माझ्या मते सर्वात जवळचा शब्द आपल्याकडे आहे, पण हल्ली कमी ऐकू येतो. तो म्हणजे 'तारवटलेले'. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पहाटे एखाद्या ढाब्यावर थांबा. रात्रभर ट्रक हाकून चहाला टेकलेल्या ड्रायव्हरचे डोळे बघा. ते तारवटलेले असतात. लाली आहे, ताण आहे, जागरण आहे आणि मला तरी त्या शब्दात ती तारसुद्धा ऐकू येते.

मात्र तारवटलेले काय आणि ब्लडशॉट काय, दोन्ही बघणाऱ्याचे शब्द आहेत. समोरून डोळा कसा दिसतो एवढंच ते सांगतात. तो तसा का झाला हे त्यांच्या पोटात नाही. कादंबरीकाराचं त्यावर भागतं. रुग्णाचं भागत नाही.

आपण रोजच्या बोलण्यात वापरतो तो तिसरा शब्दप्रयोग तर याहून अवघड. 'डोळे आले.' हा कसा दिसतो ते सांगत नाही, थेट निदान करून मोकळा होतो. आणि तोही अनेकवचनात. एकच डोळा लाल असला तरी आपण 'डोळे आलेत' असंच म्हणतो. उमरग्यात दवाखाना म्हणजे तीन भाषांचा बाजार. हिंदी-उर्दू बोलणारे 'आँख आयी' म्हणतात, म्हणजे तेही डोळ्याला कुठूनतरी आणतातच. सीमेपलीकडून, आळंद-बसवकल्याणकडून येणारे कन्नड पेशंट 'कण्णु केंपागिदे' म्हणतात : डोळा लाल झालाय. यात निदान नाही. मला हे वाक्य सर्वात प्रामाणिक वाटतं. एक की दोन ते मात्र त्यांनाही विचारावं लागतं.

एक की दोन, यावर मी एवढा का अडून बसलो आहे? कारण साथीने येणारे डोळे बहुधा दोन्ही येतात. आधी एक, मग एक-दोन दिवसांत दुसरा. २०२३ चा पावसाळा आठवत असेल. जुलैमध्ये आळंदीच्या परिसरात मोठ्या संख्येने रुग्ण दिसले आणि पाहता पाहता साथ राज्यभर पसरली, रुग्णसंख्या लाखांत गेली. शाळांचे वर्ग अर्धे रिकामे, उरलेले काळा चष्मा लावून बसलेले. त्या आजारात डोळ्यात कचकच होते, पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात. ठणका नसतो. चिपडं पुसली की दिसतं पूर्वीसारखंच. बहुतेकांना तो विषाणूंमुळे होतो आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरा होतो. ड्रॉप टाकले नाहीत तरीही. आलेल्या डोळ्यांकडे बघितल्याने आपले येत नाहीत. हाताने येतात, टॉवेलने येतात, एकाच काजळाच्या डबीने येतात. काळा चष्मा लावल्याने उजेड कमी टोचतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, इतकाच त्याचा उपयोग.

या साथींना लोकांनी दिलेली नावं मोठी मजेशीर आहेत. दक्षिणेत 'मद्रास आय'. १९६९ मध्ये घानाच्या अक्रा शहरात एक नवीच साथ आली, त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक रक्तस्राव व्हायचा. त्याच सुमारास माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून लोक तिला 'अपोलो ११' म्हणू लागले. १९७१ मध्ये तशीच साथ बंगालात पसरली, तेव्हा शेजारी मुक्तिसंग्राम चालू होता. तिचं नाव पडलं 'जय बांगला'. त्या डोळ्यांना मात्र रक्ताळलेले म्हटलं तरी चाललं असतं.

आता अण्णांच्या डोळ्याकडे परत येऊ. त्यांना जे झालं होतं त्याला आम्ही बुबुळावरचा व्रण म्हणतो. डोळ्याच्या समोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. त्याच्यावर उसाच्या पात्याची कड घासली. ती कड करवतीसारखी असते, तोडणाऱ्यांना विचारा. ओरखडा इतका बारीक की तासाभरात माणूस विसरतो. पण पात्यावरची बुरशी त्या ओरखड्यात शिरते. फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस ही त्यातली दोन मोठी नावं, दोन्ही शेतातल्या मातीत आणि पाचटात राहणारी. उसाचं पातं, तुरीच्या तुराटीचं टोक, सोयाबीनच्या मळणीचा भुसा, बैलाच्या शेपटीचा फटका, खुरपताना उडालेला खडा, माझ्या केसपेपरांवर कारणं हीच असतात.

बुरशी सावकाश वाढते. पहिले दोन-तीन दिवस डोळा नुसता लाल असतो. त्या दिवसांत तो ब्लडशॉट असतो, तारवटलेला असतो, शेजाऱ्यांच्या मते आलेला असतो. दुकानातून ड्रॉप येतात. त्या ड्रॉपमध्ये पुष्कळदा प्रतिजैविकाच्या जोडीला स्टिरॉइड असतं. असं औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम आहे, तो किती पाळला जातो ते वाचकांना ठाऊक आहे. स्टिरॉइड काय करतं, तर फुगलेल्या रक्तवाहिन्या आक्रसवतं. दुसऱ्या दिवशी डोळा पांढरा दिसतो. घरचे म्हणतात, गुण आला. पण त्या रक्तवाहिन्या उगाच फुगलेल्या नसतात. बुरशीशी झुंजणाऱ्या पेशी त्यांच्याच वाटेने येत असतात. स्टिरॉइडने ती वाट बंद होते आणि बुरशीला रान मोकळं. चार-सहा दिवसांनी ठणका सुरू होतो, बुबुळावर पांढरा डाग दिसतो आणि मग माणूस दवाखाना शोधतो. अण्णांच्या खिशातली बाटली मी बघितली. त्यात डेक्सामेथासोन होतं.

बाटलीवरचं बारीक इंग्रजी वाचण्याची एक युक्ती सांगतो. ज्या औषधाच्या नावाचा शेवट 'सोन' किंवा 'लोन' असा होतो, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, ते बहुतेक स्टिरॉइड असतं. ही औषधं वाईट नाहीत. मी स्वतः रोज लिहून देतो आणि काही आजारांत तीच डोळा वाचवतात. पण डोळ्यात नक्की काय आहे हे यंत्राखाली बघितल्याशिवाय ती टाकणं म्हणजे अंधारात फवारणी करणं.

यातली दुसरी शिकार शाळकरी मुलं आहेत. उन्हाळा लागला की डोळे चोळणारी, विशेषतः पाच ते पंधरा वर्षांची मुलं. ही ॲलर्जी. खाज भयंकर, डोळे मातकट लाल, चिकट दोऱ्यासारखा स्राव. स्टिरॉइडचा एक थेंब टाकला की जादू झाल्यासारखं पोरगं शांत होतं. मग आई-वडील तीच बाटली दर उन्हाळ्यात, पुढे वर्षभर आणत राहतात. त्या औषधाने काही मुलांच्या डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही. बाजूचं दिसणं कमी होत जातं आणि बारावीत फळा दिसेना म्हणून पोरगं येतं तेव्हा काचबिंदूने डोळ्याची नस वाळलेली असते. वाळलेली नस परत हिरवी होत नाही. अशा वेळी आई जेव्हा सांगते की डॉक्टर, डोळे तर पांढरेशुभ्र आहेत हो, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही.

पांढरा डोळा म्हणजे चांगला डोळा, हे तर चुन्याच्या बाबतीत उलटंच आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं दाबतात, ती फुटते, चुना डोळ्यात जातो. चुना खोलवर भाजतो. थोडं भाजलं तर डोळा लाल होतो. फार भाजलं तर रक्तवाहिन्याच जळतात आणि डोळा संगमरवरासारखा पांढरा पडतो. तो पांढरा डोळा बघून आमच्या पोटात गोळा येतो. इथे दवाखान्याकडे पळण्याआधी जिथे आहात तिथेच नळाखाली, पंपाखाली, घागरीने, जमेल तसं स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवायचा, पापणी उलटून अडकलेले कण काढायचे आणि मग निघायचं. तूप, दूध, मध काहीही घालायचं नाही.

लाल रंगाचं हे असं आहे. तो मोठ्याने ओरडतो, पण खरं-खोटं सांगत नाही. याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे डोळ्यातला रक्ताचा डाग. सकाळी उठून आरशात बघितलं तर पांढऱ्या भागावर गडद लाल थारोळं. दुखत नाही, दिसायला नीट, पण बघणाऱ्याची बोबडी वळते. खोकला, शिंक, उलटी, जड उचलणं, कशानेही एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त आवरणाखाली पसरतं. दिसायला सर्वात भयानक आणि बहुतेक वेळा सर्वात निरुपद्रवी. दोन-तीन आठवड्यांत आपोआप विरतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी हवी आणि रक्तदाब तर प्रत्येकाने मोजून घ्यावा.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला एक आजार आहे, ज्यात डोळ्याची लाली बघायला कुणाला सुचतच नाही. साठीच्या आसपासची बाई, संध्याकाळपासून अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होताहेत. घरात ठरतं पित्त झालंय. पित्ताची गोळी, सलाईन, रात्र जाते. त्या बाजूचा डोळा लाल असतो, पण डोकं दुखलं की डोळा लाल होणारच, असं सगळे धरून चालतात. तिला कुणी विचारलं की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय का, तर ती हो म्हणते. हा अचानक उसळलेला काचबिंदू. डोळ्यातला दाब एरवी १० ते २१ च्या दरम्यान असतो, तो ४०-५०च्या पुढे जातो. तासांचा हिशेब असतो. वेळेत दाब उतरवून लेझरने परितारिकेला बारीक छिद्र पाडलं तर नजर राहते.

तिसरा, डोळ्याच्या आतल्या पडद्याची सूज. यात उजेड सहन होत नाही. माणूस दुपारी दवाखान्यात येतो तो डोळ्यावर रुमाल धरून. त्याची लाली वेगळ्या ठिकाणी असते. साध्या आलेल्या डोळ्यांत लाल धागे पापणीच्या बाजूला दाट आणि बुबुळाजवळ विरळ. या सुजेत उलट, बुबुळाच्या कडेने जांभळट कडं. धागा कुठे दाट विणलाय, त्यावरून आम्ही अर्धं निदान करतो. ब्लडशॉट म्हणणाऱ्याने कापड बघितलं, वीण बघितली नाही.

वडस वाढलेला डोळा, खुपऱ्यांचा डोळा, हे लाल डोळ्याचे जुने मानकरी. उन्हात राबणाऱ्यांना वडस आजही होतो. खुपऱ्यांनी मात्र एके काळी गावंच्या गावं आंधळी केली. आता त्या सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेल्या नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतापुरतं जाहीर केलं. ही बातमी फार कमी जणांनी वाचली असेल.

आता माझ्याच जातभाईंबद्दल एक सांगतो. अण्णांच्या मुलीने माझा केसपेपर वाचला आणि विचारलं, "सर, इथे तुम्ही 'इंजेक्टेड' लिहिलंय. अण्णांच्या डोळ्यात इंजेक्शन कधी दिलं?" इंजेक्शन कुणीच दिलं नव्हतं. रक्तवाहिन्या भरून आल्या की आम्ही डॉक्टर इंग्रजीत डोळ्याला 'इंजेक्टेड' म्हणतो. ते आमचं ब्लडशॉट. पेशंटला कळत नाही, औषध दुकानदाराला कळत नाही, कधी कधी शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरलाही पुरेसं कळत नाही. त्या दिवसापासून मी केसपेपरवर मराठीत लिहितो : डावा डोळा, लाल, आठ दिवस, उसाचं पातं लागलं, ठणका आहे, नजर कमी. या ओळीत विशेषण एकच आहे आणि ते सर्वात कमी कामाचं आहे.

फोनवर मला काय सांगावं, असं लोक विचारतात. तर एवढं सांगा. एक डोळा की दोन्ही. ठणका आहे की नुसती कचकच. उजेड सहन होतो का. काही लागलं, उडालं, गेलं होतं का. लेन्स वापरता का. आणि दिसतं का पूर्वीसारखं. हे शेवटचं अंदाजाने सांगू नका. भिंतीवर कालनिर्णय असतंच. एक डोळा हाताने झाकून दुसऱ्याने तारखेखालची बारीक अक्षरं वाचा, मग दुसरा झाका. चष्मा असेल तर लावून. दोन डोळे उघडे ठेवून बघत राहिलं तर एका डोळ्याची नजर गेलेली आठवडाभर कळत नाही, असं मी कितीदा तरी बघितलंय. ठणका, उजेडाचा त्रास, कमी झालेली नजर, बुबुळावर डाग किंवा लागल्याचा इतिहास, यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. उमरग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढे सोलापूर-लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

त्याच दिवशी, यावर माझा भर एका अभ्यासामुळे आहे. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात डॉ. उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या आरोग्यसेवकांना एक साधं काम दिलं. शेतात कुणाच्या डोळ्याला ओरखडा गेला की तो शोधायचा आणि तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम घालायचं. चारशेहून अधिक ओरखडे सापडले. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं, त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. महागडं काहीच नव्हतं, होती ती फक्त घाई. आणि कुणीतरी विचारलेला प्रश्न : काही लागलं का?

अण्णांना तो प्रश्न आठ दिवस कुणी विचारला नाही. दुकानदाराने नाही, शेजाऱ्यांनी नाही, आणि मेसेज वाचून मीही नाही.

त्यांच्या बुबुळावरचा व्रण खरवडून काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू स्पष्ट दिसले. स्टिरॉइड बंद केलं. नाटामायसिनचे थेंब सुरू केले, दर तासाला एक, रात्रीसुद्धा. हे औषध जुनं आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्होरिकोनाझोल या नव्या, महाग औषधाच्या तुलनेत तेच सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. ते निष्कर्ष २०१३ चे. पण दर तासाला थेंब टाकणं हे लिहायला सोपं. ती मुलगी पंधरा दिवस रात्री गजर लावून उठत होती. दिवसा कॉलेज बुडत होतं, कारण आई ऊसतोडीला आणि अण्णांना स्वतःच्या हाताने थेंब टाकता येत नव्हता, निम्मे गालावर जायचे.

व्रण भरायला सात आठवडे लागले. डोळा वाचला, लाली गेली. आता तो अगदी पांढरा दिसतो. पण बुबुळाच्या मधोमध फूल पडलंय. डाव्या डोळ्याने अण्णांना समोर धरलेली बोटं मोजता येतात, माणूस ओळखता येत नाही. बुबुळ बदलण्यासाठी हैदराबादला नाव नोंदवलं आहे. हंगाम संपेपर्यंत ते शेतात गेले नाहीत. नंतर गेले तेव्हा मुलीने घेऊन दिलेला प्लास्टिकचा साधा चष्मा लावून. घाम आला की तो काढून खिशात ठेवतात, असं तिची तक्रार आहे.

गेल्या महिन्यात तिचा परत मेसेज आला. या वेळी मराठीत. 'सर, आत्याचा उजवा डोळा. एकच. सकाळपासून लाल, एका बाजूला थारोळं. ठणका नाही, पाणी नाही, उजेड चालतो. काही लागलं नाही. कालनिर्णयावरचं बारीक वाचता येतं, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघितलं. काल रात्री खोकला फार होता. ड्रॉप टाकला नाही.' सोबत फोटो.

मी लिहिलं, डोळ्याला काही करू नका, आधी रक्तदाब मोजून कळवा. अर्ध्या तासाने उत्तर आलं. १८०/११०. आत्याने आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं होतं.